ईरीचे शेअरहोल्डर आणि त्यांच्याच पैशानं लढलेले खटले

कंपनी विरुद्ध शेअरहोल्डर असा खटला वाचला की मला आधी एकच प्रश्न पडतो, कंपनीच्या बाजूनं जो वकील उभा आहे त्याची फी कोण भरतंय? कंपनी भरते. आणि कंपनीचा पैसा कुणाचा? शेअरहोल्डरांचा. म्हणजे जो माणूस आपल्या पैशाचा हिशेब मागायला कोर्टात गेलाय तो स्वतःच्या वकिलाची फी तर खिशातून भरतोच, वर समोरच्या वकिलाच्या फीतला आपला वाटाही भरतो, आणि डायरेक्टरच्या खिशातून एक पैसा जात नाही. माझी बरीच वर्षं कंपनी सेक्रेटरीच्या खात्यात शेअर ट्रान्सफर, मीटिंगच्या नोटिसा, मिनिट्स लिहिणं यात गेली त्यामुळे हे मी जवळून बघितलंय, पण हे किती टोकाला जाऊ शकतं ते बघायचं असेल तर अमेरिकेतल्या ईरी रेल्वेची १८६६ ते १८७२ ही वर्षं वाचावीत. मी या विषयावर मिळेल ते वाचत आलोय आणि दरवेळी राग नव्यानं येतो, म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढतोय. लांब झालंय, पण थोडक्यात सांगितलं तर नुसती शेअरबाजारातली मारामारी वाटते आणि खरी गोष्ट सुटून जाते.

आधी रेल्वेबद्दल. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवरच्या पिअरमाँटपासून ईरी सरोवराच्या काठच्या डंकर्कपर्यंत ही लाइन १८५१ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर ते ठाणे गाडीच्या दोन वर्षं आधी. गेज सहा फुटांचा, म्हणजे आपल्या साडेपाच फुटी ब्रॉडगेजपेक्षाही रुंद, आणि आजूबाजूच्या बहुतेक लाइनी चार फूट साडेआठ इंचाच्या, त्यामुळे डबे एका लाइनवरून दुसरीवर नेता यायचे नाहीत. बांधायला अफाट खर्च आला, १८५९ मध्ये कंपनी बुडाली, मग नव्यानं मांडणी होऊन १८६१ मध्ये ईरी रेल्वे कंपनी या नावानं उभी राहिली. लाइन वाईट नव्हती, माल भरपूर होता, न्यूयॉर्कला पश्चिमेकडच्या धान्याशी आणि पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाशी जोडणारा रस्ता होता. नीट चालवली असती तर लोकांना डिव्हिडंड मिळाला असता.

पण बोर्डावर डॅनियल ड्रू नावाचा माणूस बसला होता. मूळचा गुरांचा व्यापारी, मग बोटींच्या धंद्यात, मग वॉल स्ट्रीटवर. ईरीचा डायरेक्टर, ईरीचा खजिनदार, आणि ईरीच्याच शेअरमध्ये मंदी खेळणारा! म्हणजे ज्याच्या हातात कंपनीची तिजोरी तोच कंपनीचा भाव पडण्यावर पैसे लावतोय. १८६६ मध्ये कंपनीला पैशाची गरज होती तेव्हा ड्रूनं सुमारे ३५ लाख डॉलर उसने दिले आणि तारण म्हणून कंपनीचे न विकलेले २८,००० शेअर आणि ३० लाख डॉलरचे कन्व्हर्टिबल बाँड घेतले. बाँड शेअरमध्ये बदलून घेतले की झाले आणखी ३०,००० शेअर. हे सगळे ५८,००० शेअर त्यानं योग्य वेळ बघून बाजारात ओतले, आधी भाव चढलेला असताना मंदीचे सौदे करून ठेवले होते (म्हणजे हातात नसलेले शेअर आज विकायचे आणि नंतर कुठून तरी आणून द्यायचे), भाव नव्वदच्या वरून पन्नासच्या आसपास आला आणि ड्रूनं भरपूर कमावले. तारण ठेवलेली वस्तू विकून टाकायची आणि वर तिचाच भाव पाडून नफा करायचा. ज्यांनी शेअर साठवणीसाठी घेतले होते त्यांचं काय झालं हे विचारायला कुणी नव्हतं.

आता इथे कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट येतो. हा बोटींच्या धंद्यात मोठा झालेला, १८६७ पर्यंत न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वे त्याच्या ताब्यात आली होती आणि ईरी ही त्याची स्पर्धक. दर कमी करून एकमेकांना मारण्यापेक्षा ईरीच विकत घ्यावी असं त्याला वाटलं आणि तो बाजारातून ईरीचे शेअर उचलायला लागला. पण तो जितके घेणार तितके ड्रू नवीन छापणार हे त्याला माहीत होतं, म्हणून आधी कोर्टातून दार बंद करायचं ठरलं. फेब्रुवारी १८६८ मध्ये फ्रँक वर्क नावाच्या त्याच्या माणसानं न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टात जज जॉर्ज बर्नार्डपुढे अर्ज टाकला (हा फ्रँक वर्क म्हणजे प्रिन्सेस डायनाचा खापरपणजोबा). मागणी अशी की ड्रूनं १८६६ चे ५८,००० शेअर कंपनीला परत द्यावेत, हिशेब द्यावा, आणि तोपर्यंत कंपनीनं कुठलेही नवे शेअर काढू नयेत, बाँड शेअरमध्ये बदलू नयेत. बर्नार्डनं लगेच मनाई हुकूम दिला.

अर्ज कागदावर वाचला तर शंभर टक्के बरोबर वाटतो हो! शेअरहोल्डरनं डायरेक्टरच्या गैरव्यवहाराविरुद्ध केलेला असाच अर्ज असायला हवा. फक्त तो करणाऱ्याला ड्रूचा हिशेब नको होता, ड्रूचा गळा हवा होता. ड्रूनं मंदीचे सौदे करून ठेवलेत, त्याला शेअर द्यावे लागणार, नवे शेअर निघाले नाहीत तर ते सगळे व्हँडरबिल्टकडेच मागावे लागणार आणि तो सांगेल तो भाव मोजावा लागणार. म्हणजे छोट्या शेअरहोल्डरची खरी तक्रार ही बड्या माणसाच्या हातातलं हत्यार झाली, आणि पुढची चार वर्षं हेच होत राहिलं.

ड्रूच्या बाजूला आता दोन तरुण डायरेक्टर आले होते, जे गूल्ड आणि जिम फिस्क, दोघंही ऑक्टोबर १८६७ मध्ये बोर्डावर आलेले. त्यांनी कायद्यातली फट शोधली, खरं तर ड्रूनं आधीच वापरलेली. न्यूयॉर्कच्या १८५० च्या रेल्वे कायद्यात लाइन पूर्ण करायला, सुधारायला कर्ज काढता येत होतं आणि त्या कर्जाचे बाँड शेअरमध्ये बदलायचा हक्क देता येत होता. मूळ हेतू चांगला, लोकांनी नव्या रेल्वेला कर्ज द्यावं म्हणून दिलेलं आमिष. तर कारण दाखवलं की जुने लोखंडी रूळ काढून पोलादी टाकायचेत, एक कोटी डॉलरचे बाँड मंजूर केले, ते आपल्याच ब्रोकरांना दिले आणि पन्नास-पन्नास हजारांच्या दोन हप्त्यांत एक लाख शेअर काढले. दुसऱ्या हप्त्याची सर्टिफिकेट बुकं १० मार्च १८६८ ला ऑफिसमधून एक पोऱ्या घेऊन चालला होता, ती फिस्कनं त्याच्या हातून काढून घेतली, म्हणजे कंपनीला सांगता आलं की आम्ही मनाई मोडलेली नाही, बुकं आमच्याकडून पळवली गेली! ते शेअर त्याच दिवशी बाजारात आले, भाव ८० च्या वरून ७१ पर्यंत कोसळला आणि व्हँडरबिल्टच्या लक्षात आलं की आपण लाखो डॉलर मोजून नुकताच छापलेला कागद घेतलाय.

कोर्टांचं काय चाललं होतं ते जरा सावकाश सांगतो कारण आपल्याकडे स्टे, कॅव्हेट, रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेला माणूस) हे शब्द घराघरात माहीत आहेत त्यामुळे आपल्याला ते चटकन कळेल. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा सुप्रीम कोर्टाचे ३३ जज होते, जिल्ह्याजिल्ह्यात बसणारे, निवडून आलेले, आणि प्रत्येकाचा अधिकार राज्यभर चालायचा. समोरच्याला नोटीस न देता एकतर्फी मनाई हुकूम देता यायचा. म्हणजे बर्नार्डनं न्यूयॉर्क शहरात हुकूम दिला की दुसऱ्या पार्टीनं बिंगहॅमटनला जज बाल्कमकडे जाऊन त्याच्या उलट हुकूम आणायचा, आणि तसा त्यांनी आणला, त्या हुकमानं फ्रँक वर्कलाच डायरेक्टरपदावरून दूर ठेवलं. मग १० मार्चला फिस्कचा पार्टनर ब्रुकलिनला जज गिल्बर्टकडे गेला, त्याचा दावा असा की व्हँडरबिल्ट, वर्क आणि खुद्द जज बर्नार्ड यांनी मिळून कट केलाय, आणि गिल्बर्टनं हुकूम दिला की बाकी सगळ्या दाव्यांतल्या सगळ्या पार्ट्यांनी पुढची कारवाई थांबवावी आणि ईरीच्या डायरेक्टरांनी आपलं काम चालू ठेवावं, बाँडचे शेअर करून देण्यासकट. म्हणजे एका जजनं सांगितलं शेअर काढाल तर कोर्टाचा अपमान, दुसऱ्यानं सांगितलं नाही काढलेत तर अपमान. दोन्ही जज एकाच कोर्टाचे. सही शिक्का दोन्हीवर खरा.

या दोन कागदांतला कुठला पाळायचा हे डायरेक्टर ठरवणार आणि साहजिकच ते आपल्या सोयीचा पाळणार. कोर्टाचा हुकूम ही वस्तू कुठूनही आणता येते अशी झाली की ज्याच्याकडे जास्त वकील त्याच्याकडे जास्त हुकूम, आणि ज्या बिचाऱ्याकडे दहा शेअर आहेत त्याच्याकडे कोर्टाचा दरवाजा उघडा असून उपयोग नाही.

बर्नार्डनं पकडण्याचे हुकूम काढले तसे ११ मार्चच्या सकाळी ईरीचे डायरेक्टर कागदपत्रं, हिशेबाच्या वह्या आणि तिजोरीतली रोकड घेऊन हडसन ओलांडून जर्सी सिटीला पळाले. रोकड साठ लाख डॉलरच्या वर होती, घोडागाडीत घालून नेली. नदीपलीकडे न्यू जर्सी राज्य, तिथे न्यूयॉर्कच्या जजचा हुकूम चालत नाही. टेलर्स हॉटेलमध्ये त्यांनी ठाण मांडलं, बाहेर पहारे बसवले, आणि न्यू जर्सीच्या विधिमंडळाकडून ईरीला तिथलीही कंपनी करून घेतलं. ड्रूला घर सोडून राहणं जमेना, तो रविवारी गुपचूप न्यूयॉर्कला जायचा कारण रविवारी असलं वॉरंट बजावता यायचं नाही, आणि त्याच रविवारच्या फेऱ्यांत तो व्हँडरबिल्टला भेटून तडजोडीचं बोलायला लागला. हे किस्से लोक रंगवून सांगतात आणि खरंच रंगतदार आहेत, पण गाडीत घालून नेलेली रोकड ड्रूची नव्हती आणि गूल्डचीही नव्हती, पहारेकऱ्यांचा पगारही त्यातूनच.

मग गूल्ड ऑल्बनीला गेला, राज्याच्या राजधानीत, काढलेले शेअर कायदेशीर ठरवणारं बिल पास करून घ्यायला. तिथे त्याला अटक झाली, पाच लाख डॉलरच्या जामिनावर सुटला, आजारी म्हणून हॉटेलातच मुक्काम ठोकला आणि आमदारांची ये-जा सुरू झाली. पैसे किती वाटले गेले याचे आकडे तेव्हापासून वेगवेगळे सांगितले जातात, मी त्यात जात नाही, पण ईरीच्या हिशेबात नंतर जे खर्च निघाले ते कायदेशीर खर्च या नावाखाली मावण्यासारखे नव्हते हे पुढच्या चौकशांत उघड झालं. मार्चमध्ये हेच बिल खालच्या सभागृहानं मोठ्या फरकानं पाडलं होतं, एप्रिलमध्ये जवळपास तसंच बिल दोन्ही सभागृहांत पास झालं आणि गव्हर्नर फेंटननं सही केली. मध्येच व्हँडरबिल्टनं माघार घेतली होती म्हणे, आमदारांना पैसे पुरवत बसण्यापेक्षा गूल्डशी तडजोड स्वस्त पडेल असा त्याचा हिशेब.

आणि याच दिवसांत, १५ एप्रिल १८६८ च्या पहाटेच्या अंधारात, पोर्ट जर्व्हिसजवळ कार्स रॉक या ठिकाणी ईरीच्या पॅसेंजर गाडीखालचा रूळ तुटला आणि मागचे डबे रुळावरून घसरून खाली दरीत गेले. वीसपेक्षा जास्त माणसं मेली, काही डब्यातच जळून. त्याच्या काही आठवडे आधी ईरीच्या सुपरिटेंडेंटनं वर रिपोर्ट दिला होता की रूळ इतके झिजलेत आणि फाटलेत की अशी अवस्था कधी पाहिली नाही, गाड्या हळू चालवाव्या लागतायत. एक कोटी डॉलरचे बाँड कशासाठी काढले होते? पोलादी रुळांसाठी! त्या बाँडचे पैसे बाजारात, वकिलांत, ऑल्बनीत फिरत होते आणि रूळ तेच जुने लोखंडी. या सगळ्या प्रकरणातली ही एक गोष्ट मी विसरू शकत नाही. पैसे गेले ते गेले, शेअरहोल्डर जोखीम घेऊनच आलेला असतो, पण त्या रात्री बर्थवर झोपलेल्या माणसानं कुठल्या बाँडवर सही केली होती?

जुलै १८६८ मध्ये तडजोड झाली आणि ती कशी झाली ते बघा. व्हँडरबिल्टकडचे ५०,००० शेअर कंपनीनं ७० च्या भावानं परत घेतले, २५ लाख रोख आणि १२.५ लाखांचे बाँड (८० च्या भावानं, म्हणजे दहा लाखांना धरून) देऊन, वर आणखी दहा लाख त्याच्या उरलेल्या शेअरवर पुढे खरेदीचा हक्क मिळावा म्हणून. फ्रँक वर्क आणि त्याच्या जोडीदाराला ४,२९,२५० डॉलर. बोस्टनची एक पार्टी बोर्डावर होती, तिच्या बुडत्या रेल्वेचे ५० लाखांचे बाँड ईरीनं ४० लाखांना विकत घेतले. ड्रूला त्याच्या कमाईसकट बाहेर जाऊ दिलं. म्हणजे दावे लावणारे, दाव्यांना उत्तर देणारे, सगळे खूश, आणि प्रत्येकाला पैसे मिळाले ते एकाच तिजोरीतून. दावे मागे घेतले गेले. ५८,००० शेअरचा हिशेब ड्रूनं द्यावा ही मूळ मागणी कुणाला आठवतही नव्हती. कोर्टाच्या अपमानाबद्दल डायरेक्टरांना दंड झाला, माणशी दहा डॉलर. बाँडचे पैसे सांभाळायला बर्नार्डनं रिसीव्हर नेमला होता, पीटर स्वीनी, शहराच्या राजकारणातला बडा, त्याच्या ताब्यात एक डॉलरही आला नाही कारण पैसे जर्सीत होते, तरी त्याला फी म्हणून दीड लाख डॉलर मंजूर झाले, तेही ईरीकडूनच.

गूल्ड प्रेसिडेंट झाला. बोर्डावर टॅमनी हॉलचा, म्हणजे न्यूयॉर्क शहर चालवणाऱ्या राजकीय टोळीचा, बॉस ट्वीड आणि तोच स्वीनी आले, आणि बर्नार्ड, जो काल यांना अटक करायला निघाला होता, तो आता यांचा जज झाला. जुलैच्या ३.४२ कोटी डॉलर भांडवलाचं ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत ५.७७ कोटी झालं, चार महिन्यांत, शेअरहोल्डरांना न विचारता आणि न सांगता. नोव्हेंबरमध्ये ऑगस्ट बेलमाँट या बँकरनं शेअरहोल्डर म्हणून दावा तयार केला की गूल्ड आणि फिस्कला काढा आणि रिसीव्हर नेमा. याचा सुगावा लागताच गूल्डच्या माणसानं आधीच बर्नार्डपुढे दावा टाकला आणि बर्नार्डनं रिसीव्हर नेमला तो कोण, तर खुद्द जे गूल्ड! ज्याच्यावर आरोप त्याच्याच ताब्यात कोर्टाच्या वतीनं मालमत्ता. जज सदरलँडनं हा हुकूम फिरवून निवृत्त मुख्य न्यायाधीश हेन्री डेव्हीस यांना नेमलं तर जज कार्डोझोनं त्याला स्टे दिला. पुन्हा तेच.

या सगळ्यात गूल्डचा वकील होता डेव्हिड डडली फील्ड. हे नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही पण माहीत असायला हवं, कारण न्यूयॉर्कची १८४८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता त्यानंच लिहिली होती आणि त्यानंच पुढे न्यूयॉर्कसाठी एका दिवाणी कायद्याचा मसुदा केला, जो न्यूयॉर्कनं कधी स्वीकारला नाही, पण आपला १८७२ चा करार कायदा तयार होताना त्यातली काही कलमं त्या मसुद्यावरून घेतली गेली. मी स्वतः करार कायदा अभ्यासला, परीक्षा दिल्या, वर्षानुवर्षं वापरला, आणि त्यामागचा एक हात ईरीच्या वकिलाचा आहे हे मला फार उशिरा कळलं. फील्डवर तेव्हाही सडकून टीका झाली. तो म्हणायचा की वकिलानं अशिलाची बाजू मांडायची असते, अशील कसा आहे हे बघायचं नसतं. मला हे पटत नाही, निदान इथे नाही. जो माणूस प्रक्रियेचा कायदा लिहितो त्याला त्यातली भोकं सगळ्यात आधी दिसतात, त्यानं ती बुजवायला सांगायला हवं, त्यातून अशिलाला पलीकडे काढायला नको. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी आपली बार असोसिएशन काढली त्यामागे या वर्षांतली लाज हे एक मोठं कारण होतं. आणि आपल्याकडे आज कॅव्हेट टाकता येतं, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असं कोर्टाला आधीच कळवता येतं, एकतर्फी हुकूम देताना नोटीस का दिली नाही याची कारणं जजला लिहावी लागतात, ही १९७६ ची दुरुस्ती आहे. कोरडी वाटणारी कलमं आहेत ही, पण ईरी वाचल्यावर मला त्यांची किंमत कळली.

आता इंग्लंडचे शेअरहोल्डर. ईरीचे शेअर पडत्या भावात लंडनमध्ये प्रचंड विकले गेले होते. याच लंडनच्या लोकांचा पैसा आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतही होता, पण तिथे त्यांना सरकारनं पाच टक्क्यांची हमी दिलेली, धंदा होवो न होवो व्याज ठरलेलं, आणि ते शेवटी हिंदुस्थानच्या करातून जायचं. ईरीत हमी नव्हती. आणि एक तांत्रिक पण फार महत्त्वाची अडचण होती. शेअर सर्टिफिकेटं न्यूयॉर्कच्या ब्रोकरांच्या नावावर असायची, मागे कोरी सही करून, आणि तीच सर्टिफिकेटं हातोहात फिरत लंडनला जायची. मालक लंडनमध्ये, पण कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव ब्रोकरचं, आणि मीटिंगमध्ये मत त्या ब्रोकरचं किंवा त्याच्याकडून प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या वतीनं मत द्यायचा अधिकार, लिहून घेणाऱ्याचं. गूल्ड त्या प्रॉक्सी गोळा करायचा. म्हणजे इंग्रज शेअरहोल्डरांच्या शेअरवर गूल्ड निवडून यायचा! आजही डीमॅट येऊन, घरबसल्या ई-व्होटिंगची सोय होऊन लोक मत देत नाहीत तेव्हा मला हे आठवतं, मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो की मेल आला की दोन मिनिटं काढा आणि मत द्या. त्यात भर म्हणून १८६९ मध्ये ऑल्बनीतून आणखी एक कायदा झाला, डायरेक्टरांचे पाच गट करायचे आणि दरवर्षी एकाच गटाची निवडणूक, म्हणजे बहुमत हातात आलं तरी बोर्ड बदलायला वर्षं जाणार.

लंडनमध्ये समिती झाली, हीथ आणि रफाएल या दोघांच्या नावानं, आणि त्यांनी सुमारे ६०,००० शेअरची सर्टिफिकेटं न्यूयॉर्कला पाठवली की आमच्या नावावर नोंदवा. साधी गोष्ट, माझ्या खात्यात असे अर्ज रोज यायचे. ईरीनं काय केलं, आपल्या सोयीच्या दाव्यात राज्याच्या कोर्टाकडून कोलमन नावाचा रिसीव्हर नेमून घेतला आणि ती सर्टिफिकेटं त्याच्या ताब्यात गेली. नोंद नाही, मत नाही, आणि हातात कागदही नाही. पण इथे गूल्डची एक बाजू उघडी पडली. हे लोक परदेशी होते आणि परदेशी माणसाला अमेरिकेच्या फेडरल कोर्टात जाता येतं, तिथे ट्वीड चालत नाही आणि बर्नार्डही नाही. सर्किट कोर्टात जज ब्लॅचफर्डपुढे हीथ विरुद्ध ईरी रेल्वे हा दावा चालला, चौकशी झाली आणि शेअर परत देण्याचा हुकूम झाला. १८७१ मधल्या निकालात कंपनीच्या डायरेक्टरांविरुद्ध शेअरहोल्डर दावा करू शकतो का, आधी कंपनीकडे मागणी करायला हवी का, या प्रश्नाचीही चर्चा झाली. जे आरोपी आहेत त्यांच्याच ताब्यात कंपनी असेल तर त्यांच्याकडेच जाऊन स्वतःविरुद्ध दावा लावा अशी विनंती करण्यात अर्थ काय, हा त्यातला साधा विचार. माझ्या मते या सगळ्या वर्षांतल्या डझनावारी हुकमांतलं खऱ्या शेअरहोल्डरच्या कामाचं एवढंच काय ते निघालं.

पण बोर्ड काही हललं नाही. ते हललं बाहेरच्या घटनांनी. १८७१ मध्ये ट्वीडची लूट वर्तमानपत्रांनी उघडी केली आणि त्याचा आधार गेला. ६ जानेवारी १८७२ ला फिस्कला एका जुन्या भागीदारानं हॉटेलच्या जिन्यात गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी तो मेला. आणि ११ मार्च १८७२ ला, म्हणजे जर्सीला पळाले त्याला बरोबर चार वर्षं झाली त्या तारखेला, इंग्रज भांडवलवाल्यांच्या बाजूनं आलेल्या जनरल सिकल्सनं गूल्डच्याच बोर्डातले डायरेक्टर पैसे देऊन फोडले, मीटिंग बोलावली, एकेकानं राजीनामे दिले, नवे भरले आणि जनरल डिक्स प्रेसिडेंट झाला. ईरीचं ऑफिस तेव्हा तेविसाव्या रस्त्यावरच्या ऑपेरा हाऊसमध्ये होतं, तिथे दारं फोडण्यापर्यंत प्रकरण गेलं, पोलीस आले, आणि दुसऱ्या दिवशी गूल्ड बाजूला झाला.

या दिवसाबद्दल मी बराच विचार केलाय. जे शेअरहोल्डर चार वर्षं कोर्टात बरोबर होते त्यांना कंपनी मिळाली ती शेवटी लाच देऊन. काही जण म्हणतात दुसरा मार्गच नव्हता, पाच गटांचा कायदा असताना निवडणुकीनं बोर्ड बदललं नसतं. मी त्यांना दोष देताना अडखळतो, पण देतो. कारण डायरेक्टरांना दिलेले पैसे नंतर ईरीच्याच हिशेबात गेले, आणि ज्यांनी ते पुढे केले होते त्या लंडनच्या मंडळींचे स्वतःचे हेतूही होते, त्यांना दुसऱ्या एका अडलेल्या रेल्वेचे बाँड ईरीच्या गळ्यात घालायचे होते. हातात शेअर धरून बसलेला लँकेशायरचा कुणी निवृत्त माणूस या मीटिंगला नव्हताच.

जजांचं काय झालं तेही सांगतो. कार्डोझोनं १८७२ मध्ये चौकशी चालू असताना राजीनामा दिला, बर्नार्डवर महाभियोग चालला आणि ऑगस्टमध्ये त्याला काढून टाकलं, पुन्हा कुठलंही पद मिळणार नाही अशा शिक्षेसह. कार्डोझोचा मुलगा बेंजामिन पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर गेला आणि त्या देशातल्या सगळ्यात आदरणीय जजांमध्ये त्याची गणना होते, डायरेक्टर आणि भागीदारांनी किती प्रामाणिक असायला हवं याबद्दल त्यानं लिहिलेले निकाल आजही शिकवले जातात. घरात काय बघितलं असेल त्यानं लहानपणी!

नव्या बोर्डानं नोव्हेंबर १८७२ मध्ये गूल्डवर सुमारे ९७ लाख डॉलरचा दावा लावला, त्याला अटकही झाली, जामीन दहा लाखांचा. वाटलं आता तरी हिशेब होईल. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. गूल्डनं कागदावर सुमारे ९० लाखांची मालमत्ता परत दिली, ऑपेरा हाऊस, जमिनी, निरनिराळ्या कंपन्यांचे शेअर, आणि त्यातलं बहुतेक विकायला गेल्यावर फारच थोड्याचं निघालं. पैसे परत येणार या बातमीनं ईरीचा भाव चढला आणि तो चढणार हे गूल्डला सगळ्यांच्या आधी माहीत असल्यामुळे त्यानं आधीच खरेदी करून ठेवली होती, म्हणजे नुकसानभरपाई देतानाही तो कमावून गेला असं तेव्हापासून बोललं जातं.

नवीन प्रेसिडेंट वॉटसननं १८७३ मध्ये डिव्हिडंड वाटला, जो कमाईतून नव्हताच असं नंतर हिशेब तपासणाऱ्यांनी म्हटलं, आणि मे १८७५ मध्ये ईरी पुन्हा बुडाली. यावेळी नेमलेला रिसीव्हर, ह्यू ज्यूएट, खरोखर रेल्वे चालवणारा होता. १८७८ मध्ये कंपनीचा लिलाव होऊन नवी कंपनी झाली, न्यूयॉर्क लेक ईरी अँड वेस्टर्न, आणि जुन्या शेअरहोल्डरांना नव्या कंपनीचे शेअर हवे असतील तर प्रत्येक शेअरमागे खिशातून आणखी रोख भरायला सांगितलं गेलं, बहुतेकांनी ती भरली.